जुन्या बुटांची बदली

बूट जुना झाला की नाही, हे ठरवण्याचा अधिकार बुटाला देऊ नका. वरच्या जाळीतून करंगळी बाहेर डोकावेपर्यंत तो नवाच असतो. कुणी शंका काढलीच तर ‘काय व्हयनं त्यास्ले?’ एवढं विचारून विषय मिटवावा.

काही लोक उगाच खोलात शिरतात. पळायच्या बुटाचं आयुष्य साधारण ५०० ते ८०० किलोमीटर, असं सांगतात. हा हिशेब मांडायच्या भानगडीत पडू नका. जळगावच्या मेहरुण तलावावर रोज पाच किलोमीटर, महिन्याचे सव्वीस दिवस, म्हणजे महिन्याला १३० किलोमीटर झाले. चार ते सहा महिन्यांत बूट संपला. नुसतं चालणाऱ्याचा थोडा जास्त टिकतो, वजनदार माणसाचा कमी, पण तुमचा जोड तर मागच्या लोकसभेच्याही आधीचा आहे.

संपतं ते खालचं रबर नव्हे. रबर आणि पाय यांच्यामध्ये फोमचा हलका, जाड थर असतो, त्याला ईव्हीए म्हणतात. त्यात हवेचे असंख्य बंद बुडबुडे असतात. प्रत्येक पावलाला ते दबतात आणि परत फुगतात, पुढे पुढे फुगायचं सोडून देतात. म्हणून तळाची नक्षी शाबूत आणि आतली गादी मेलेली, अशी अवस्था येते. बुटाकडे बघून ती कळत नाही, गुडघ्याला आणि नडगीला आधी कळते.

तपासायचंच असेल तर बूट शहाबादी फरशीवर ठेवा आणि डोळे फरशीच्या पातळीला आणून मागून बघा. टाच आत किंवा बाहेर कललेली दिसेल. फोमच्या कडेला आडव्या सुरकुत्या दिसतील. मग दोन्ही टोकं धरून वाकवा. चांगला बूट बोटांच्या सांध्यापाशी वाकतो, गेलेला मधोमध दुमडतो. अर्थात ही तपासणी करू नये, कारण तिचा निकाल खर्चाचा असतो. त्यापेक्षा आत स्वस्तातलं नवं इनसोल टाका. मेलेल्या फोमला त्याने काही होत नाही, मनाला बरं वाटतं.

नंतर धुलाई. मशीनमध्ये गरम पाण्याचं बटण दाबा, ड्रममध्ये धाडधाड आवाज आला की बूट स्वच्छ होतोय असं समजा. वाळवायला पत्र्यासारखी जागा नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि पत्रा हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो. दुपारी तिथे बूट ठेवला की तळ चिकटवणारा थर मऊ पडतो, फोम आकसतो, आणि संध्याकाळी पुढच्या टोकाला बूट तोंड उघडून बसलेला असतो. ज्यांना हे नको असेल त्यांनी इनसोल आणि लेस काढावी, साध्या साबणाच्या पाण्याने मऊ ब्रशने घासावं, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत आणि सावलीत, वाऱ्यावर ठेवावं. ओले झालेले बोळे दोन-तीन तासांनी बदलावे लागतात. एवढं कोण करतो?

तोंड उघडलं की चिकटवा. जुना डिंक खरवडायचा नाही, पॉलिश पेपर मारायचा नाही, सोल्यूशन एकाच बाजूला भरपूर ओतून लगेच दाबायचं आणि सकाळी घालून निघायचं. पाचव्या दिवशी सुटतं. कॉन्टॅक्ट सोल्यूशनची पद्धत अशी की दोन्ही बाजू घासून कोरड्या करायच्या, दोन्हींवर पातळ थर द्यायचा, बोटाला ओढल्यासारखं लागेपर्यंत दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, मग जोर लावून दाबायचं आणि चोवीस तास घालायचं नाही. पण थांबणं हाच तर आपला स्वभाव नव्हे. मग चौकातल्या कारागिराकडे जाऊन ‘शिवूनच टाका’ म्हणायचं. तो बिचारा सांगतो की मऊ फोममध्ये दोरा कापत जातो आणि टाक्यांच्या भोकांतून पाणी शिरतं. तुम्ही म्हणायचं, जाड दोरा घाल.

इथून पुढे बुटाची बदली सुरू होते. आपल्याकडे बुटाला निवृत्ती नाही. व्यायामाचा बूट आधी बाजाराचा होतो, मग लग्नात मंडपाबाहेर सोडायचा होतो (चोरीला गेला तर उत्तम, जात मात्र नाही), मग गच्चीवरचा. गच्चीवर टाकीच्या मागे तो उताणा पडून राहतो आणि पावसाळ्यात भरतो. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंडी घालायला विहीर लागत नाही, वाटीभर साचलेलं पाणी पुरतं, आणि अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस. पाणी आटलं तरी अंडी कोरड्यात महिनोन्महिने तग धरतात. आरोग्यसेविका आठवड्याला कोरडा दिवस पाळा म्हणून सांगायला आल्या की त्यांना कुंड्या आणि कूलर दाखवा. टाकीमागे नेऊ नका.

बदलीचं शेवटचं ठिकाण शेत. इथे तुमच्या दानतीला वाव आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचं साल संपतं, नवं ठरतं, तोच मुहूर्त साधा. ‘घे भाऊ, कंपनीचे आहेत, तेव्हाचे चार हजारांचे’ असं चार माणसांत म्हणावं. तुमचा नंबर नऊ, त्याचा सात, हा तपशील गौण. पुढे चिंध्या कोंबता येतात. किंमत सांगायला विसरू नका, कारण फोम संपला असला तरी किंमत अजून शिल्लक आहे.

आता त्या बुटाला शेतात काय झेपतं ते बघा. वजन कमी ठेवण्यासाठी तळाच्या मधल्या भागात बऱ्याचदा रबर नसतंच, उघडा फोम असतो. बाभळीचा काटा तिथून सरळ वर येतो. पहिल्या पावसात काळी माती नक्षीच्या खाचांत बसते, तिच्यावर आणखी माती, आणि बांध येईपर्यंत पायाला शेरभर वजन लटकतं. वरची जाळी पायाला हवा लागावी म्हणून केलेली असते. हवा जाते तिथून पाणीही जातं, आणि कपाशीवर फवारणी करताना औषधही जातं. कीटकनाशकं कातडीतून अंगात भिनतात. भिजलेली जाळी आणि मोजा ती दिवसभर पायाला लावून ठेवतात, त्यापेक्षा अनवाणी माणूस निदान पाय धुऊन मोकळा होतो. फवारणीला लागतो तो रबरी गमबूट, तोही पँट बाहेरून सोडून, नाहीतर ओघळ थेट बुटात उतरतो. तुमच्या त्या चार हजारांत गमबुटांचे चार-पाच जोड आले असते. पण गमबूट विकत आणून देण्यात दानाचा आनंद नाही, तो नुसता खर्च.

दान करायचं नसेल तर विल्हेवाट लावा, असं शहरातले लोक सांगतात. लावून बघा. भंगारवाला लोखंड, पुठ्ठा, पितळ घेतो, बूट हातात घेऊन परत देतो. बोहारीण चार साड्यांवर स्टीलचा डबा देईल, बुटावर चमचाही देणार नाही. त्यांचं चुकत नाही. एका बुटात पॉलिस्टरची जाळी, ईव्हीए, रबर, टाचेतला कडक प्लास्टिकचा तुकडा आणि हे सगळं धरून ठेवणारा डिंक असतो. ते सुटं करायला जितकी मेहनत लागते तितके पैसे त्यातून निघत नाहीत. शिवाय चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये रबर गंधकासोबत तापवून पक्कं करायची युक्ती काढली, तेव्हापासून ते वितळवून पुन्हा ओतता येत नाही. फार तर दळून त्याचा चुरा करायचा आणि मैदानाखाली अंथरायचा. मुंबईकडे ग्रीनसोल नावाचा उपक्रम जुन्या स्पोर्ट्स शूजच्या चपला करतो. तिकडे पाठवायचे तर बांधून द्यावे लागतात, म्हणजे पुन्हा काम आलं.

घंटागाडीतला सुका कचरा ही सरळ वाट आहे, पण ती फार सरळ आहे. त्यापेक्षा हिवाळ्यात शेकोटी. धुळ्याची थंडी अंगात शिरली की बूट छान पेटतो, काळा धूर देतो, रबरातलं गंधक नाकात झोंबतं आणि वितळलेला थेंब हातावर पडला तर कातडीसकट निघतो. त्याच विस्तवावर भरताची वांगी भाजायला घातली तर पाहुणे पुढच्या वर्षी येत नाहीत, हाही फायदाच. पऱ्हाट्यांच्या (कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या) आचेवर वांगं भाजणं जुन्या वळणाच्या लोकांना ठेवा.

राहिलं शनिवारी मंदिराबाहेर पनवती सोडून येणं. पनवती जाते, झाडलोट करणाऱ्या बाईच्या वाट्याला बूट येतात.

एक उपयोग मात्र खरोखर आहे, म्हणून सांगायला संकोच वाटतो. कूलर लोखंडी स्टँडवर रात्रभर खडखडत असेल तर बुटाच्या टाचेकडच्या फोमचे दोन-दोन इंचांचे चौकोन धारदार कटरने कापा आणि चारही पायांखाली सरकवा. खडखड बरीच कमी होते. चारही तुकडे दोन टाचांमधूनच घ्या. पुढचा फोम पातळ असतो, टाच आणि चवडा मिसळले तर कूलर कलतो आणि एका कोपऱ्यातून पाणी सांडतं. दोन टाचांतून असे चारच तुकडे नीट निघतात, म्हणजे एक जोड, एक कूलर.

पण हे करायला बूट कापावा लागतो, आणि कापलेला बूट परत घालता येत नाही. श्रावणात कानबाईच्या सणाआधी घर झाडून-पुसून निघतं, तेव्हा माळ्यावरून तीन जोड आणि एक एकटा डावा खाली येतील. जोड पुसून परत वर ठेवा, पावसात लागतात. डावाही ठेवा. उजवा कुठे जाणार आहे, सापडेल.