इस्रायलला जमतं मग कोकणाला का नाही? अहो पण आधी नकाशा तरी बघा

मे महिना लागला, विहिरीनं तळ दाखवला की हा मेसेज येतोच. यंदा आमच्या वाडीच्या ग्रुपवर तो पुण्याच्या भावोजींनी टाकला, खाली हात जोडलेले तीन. ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: इस्रायल आपल्या रत्नागिरी जिल्ह्याएवढा देश, सगळं वाळवंट, पाऊस नाहीच, तरी हवेतून पाणी काढून आणि ठिबक लावून जगाला खाऊ घालतो, आणि कोकणात ३००० मिलिमीटर पडून मे महिन्यात टँकर, कारण कोकणी माणूस आळशी, म्हणून प्रत्येक शेतकऱ्याला एकदा इस्रायलला पाठवा. भावोजी घरचे जावई, त्यांना ग्रुपवर काय बोलणार, म्हणून इथे लिहितोय.

पहिलं क्षेत्रफळ, ते पटकन उरकतो. रत्नागिरी जिल्हा ८,२०८ चौरस किलोमीटर. इस्रायल साधारण २२,०००. रत्नागिरीला सिंधुदुर्ग जोडा, रायगड पण जोडा, तरी थोडं कमीच पडतं. हे गुगलवर अर्ध्या मिनिटात कळतं, पण फॉरवर्ड करायला पाच सेकंद लागतात त्याला कोण काय करणार.

दुसरं, "सगळं वाळवंट, पाऊस नाही". खालचा अर्धा देश, नेगेव, हे खरंच वाळवंट आहे आणि पार टोकाला लाल समुद्रावर एलात आहे तिथं वर्षाला ३० मिलिमीटरसुद्धा धड पडत नाही, आमच्याकडे जूनमध्ये एक सर तेवढी देते. पण तेल अवीव, जेरुसलेम इकडे ५०० च्या वर पडतो आणि उत्तरेला गॅलिलीच्या डोंगरात काही ठिकाणी त्याहून बराच जास्त, हर्मोन पर्वतावर तर बर्फ पडतं. म्हंजे जिथं त्यांची बहुतेक माणसं राहतात तिथला पाऊस आपल्या सोलापूर-नगरसारखा. तुलना करायचीच तर सोलापूरशी करा ना, कोकणाला कशाला ओढता मध्ये?

आता मुद्द्याचं. पाऊस किती पडतो यापेक्षा तो कधी पडतो आणि पडल्यावर कुठं जातो ते बघायला पाहिजे. त्यांचा पाऊस हिवाळ्यात, साधारण ऑक्टोबर ते एप्रिल, त्यातला बराचसा डिसेंबर ते फेब्रुवारीत. थंडी असते, बाष्पीभवन कमी, तेवढ्यावर गहू उभा राहतो. आपला जवळपास सगळा पाऊस जून ते सप्टेंबर, आणि त्यातही चार-पाच दिवस असे येतात की महिन्याचा पाऊस एकदम ओततो, २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणकरांनी काय बघितलं ते सांगायला नको. जमीन आधीच भिजून तुंब झालेली, वरून आलेला थेंब आत जाणार कुठं? भात होतो, बास. नंतर आठ महिने आभाळ कोरडं.

बरं कोरडा उन्हाळा त्यांनाही आहे, पाच-सहा महिने, ते मी लपवत नाही. पण त्यांच्या डोंगरात चुनखडी आहे. हिवाळ्याचं पाणी त्या खडकात मुरतं, खाली साठतं आणि वर्षभर विहिरींतून उपसता येतं (त्यातला मोठा साठा वेस्ट बँक या पॅलेस्टिनी भागाच्या पोटाखाली जातो आणि त्यावरून पॅलेस्टिनी लोकांशी जुनं भांडण आहे, ते मेसेजमध्ये कधी येत नाही). वरती किनेरेत नावाचं गोड्या पाण्याचं मोठं सरोवर आहे ते वेगळंच. आपल्याकडे काय आहे? जांभा. ज्यांनी चिरा घरी आणलाय त्यांना माहीत आहे, सगळा भोकाभोकांचा. पाणी आत घेतो भराभर पण धरून ठेवत नाही, खाली चिकट माती आणि त्याखाली काळा फत्तर लागला की पाणी आडवं चालायला लागतं आणि डोंगराच्या कडेला झरा होऊन बाहेर पडतं, तिथून पऱ्या (म्हंजे ओढा), पऱ्यातून नदी, नदीतून खाडी. सह्याद्रीपासून समुद्र ५०-६० किलोमीटर, आणि डोंगर हजार मीटरचा, म्हंजे पाणी चालत नाही, धावतं. गणपतीला खळखळणारा आमचा पऱ्या शिमग्याला दगड दाखवतो. यात आळसाचा काय संबंध हे मला कोणीतरी समजावून सांगा.

मग लगेच येतं, "अडवा ना पाणी!" हिशोब करून बघितला मी. रत्नागिरी जिल्ह्यावर ३ मीटर पाऊस धरला तर साधारण ८७० टीएमसी (एक टीएमसी म्हंजे शंभर कोटी घनफूट) पाणी होतं. कोयना धरण १०५ टीएमसीचं. म्हंजे आठ कोयना पाहिजेत या चिंचोळ्या पट्टीत, आणि मग भावोजी तुम्ही गणपतीला उतरणार कुठं, बोटीतून? छोटे बंधारे होतात आणि करायलाच पाहिजेत, आमच्या वाडीत दिवाळीनंतर सिमेंटच्या गोणीत माती भरून वनराई बंधारा घालतो, त्यावर कुळीथ नि थोडी भाजी निघते, पण त्या पाण्यानं मे गाठत नाही, फार तर विहिरीची पातळी पंधरा-वीस दिवस जास्त टिकते.

हवेतून पाणी. अशी यंत्रं तिथं बनतात हे खरं आहे, पिण्याचं पाणी मिळतं त्यातून. पण त्यावर शेती करत नाहीत हो, विजेच्या बिलात शेत जाईल. त्यांची शेती चालते ती बरीचशी सांडपाण्यावर. तेल अवीवच्या भागाचं गटाराचं पाणी शुद्ध करून पाइपानं नेगेवला नेतात, देशातलं सांडपाणी ८५ टक्क्यांच्या आसपास परत शेतीला वापरतात, या बाबतीत जगात त्यांच्या जवळपास कोणी नाही. आणि नळाचं पिण्याचं पाणी आता बहुतांशी समुद्राचं, गोडं केलेलं, २००५ मध्ये अश्कलोनला मोठा कारखाना सुरू झाला, मग हदेरा, सोरेक वगैरे. शिवाय १९६४ पासून किनेरेतचं पाणी, जे समुद्रसपाटीच्या २०० मीटर खाली आहे, ते पंपानं वर चढवून कित्येक वर्षं दक्षिणेला नेलं. हे सगळं सरकारच्या पाठबळानं आणि विजेवर. आमच्या डोंगरावरच्या धनगरवाडीला खालच्या विहिरीतून पाणी चढवायचं तर बिल थकलं की पंप बंद, आणि मग टँकर. टँकरची गोष्ट ही एवढी साधी आहे.

सांडपाण्याचं म्हणाल तर आमच्याकडे न्हाणीचं पाणी पिढ्यान्पिढ्या केळीच्या आणि अळवाच्या बुडात जातं, त्याचं प्रेझेंटेशन कोणी केलं नाही इतकंच.

ठिबक चांगलं आहे, वादच नाही, १९६५ मध्ये हात्झेरीम किबुत्झवर (सामूहिक शेतीच्या वसाहतीवर) त्याची कंपनी सुरू झाली ती जगभर पोचली. पण ठिबकनं पाणी वाचतं, तयार होत नाही. विहीर आटली की ती नळी नुसती कुंपणाला बांधायच्या कामाची. आणि "जगाला खाऊ घालतात" म्हणाल तर फळं-भाज्या पाठवतात, धान्य मात्र बहुतेक सगळं बाहेरून विकत आणतात. एक किलो गव्हाला हजार लिटरच्या वर पाणी लागतं, ते पाणी दुसऱ्या देशानं खर्च केलेलं असतं. हुशारी आहेच ती, पण गोष्ट अर्धी सांगू नका.

आता आळशी. हे वाक्य लिहिणाऱ्यानं सड्यावरची, म्हंजे डोंगरावरच्या उघड्या कातळावरची, एक बाग बघावी. कातळात सुरुंग लावून खड्डा पाडायचा, बाहेरून माती आणून भरायची, त्यात हापूसचं कलम लावायचं आणि पहिली दोन-तीन वर्षं खालून हंडे वाहून शिंपायचं. १९९० ला रोजगार हमीतून फळबाग योजना आली तेव्हा आमच्या आजूबाजूचे उघडे सडे असेच हिरवे झाले. माझ्या आईच्या मानेत अजून कळ येते त्या हंड्यांची.

तुलना करायचीच असेल तर जमिनीची करा. तिथं ९० टक्क्यांच्या वर जमीन सरकारी व्यवस्थेकडे, शेतकरी भाडेपट्ट्यानं कसतो. १९५९ च्या कायद्यानं पाणीही सरकारचं, त्याच्या आधीच १९५५ ला मोजायचा कायदा, मीटरशिवाय थेंब नाही. आमच्या सातबाऱ्यावर सत्तावीस नावं, त्यातली अर्धी मुंबैकर, सहा जणांचा पत्ता नाही, बाग लावायला कर्ज काढायचं तर सही कुणाची घेऊ? ही खरी अडचण, आणि त्यात आमची चूक आहे हे मी मान्य करतो. मीटर तर बोलूच नका, आमच्याकडे नळाला मीटर म्हटलं की ग्रामसभेत खुर्च्या वाजतात.

आणि मेसेज लिहिणाऱ्याला जे खरं बोचायला हवं होतं ते त्याला माहीतच नाही. कोयनेचं पाणी वीज करायला घाट उतरून पश्चिमेला येतं, कृष्णा पाणीवाटप लवादानं मंजूर केलेलं वर्षाला ६७.५ टीएमसी. घनमीटरमध्ये जवळपास १९० कोटी. इस्रायल अख्ख्या देशात शेती, घरं, कारखाने सगळं मिळून वर्षाला २०० कोटींच्या थोडं वर वापरतो. म्हंजे जवळजवळ एका इस्रायलचं पाणी पोफळी-कोळकेवाडीच्या वीजघरांतून वाशिष्ठी नदीत पडतं आणि बरंचसं दाभोळच्या खाडीला मिळतं, बारा महिने, आणि त्याच चिपळूण तालुक्यात वरच्या वाड्यांना मे महिन्यात टँकर. हे आळसानं झालेलं नाही, पाणी खाली आहे आणि वाड्या वर, आणि मधल्या पाइपाचं नि विजेचं बिल कोणी भरायचं ते अजून ठरलेलं नाही.

तर भावोजी, इस्रायलचं तिकीट राहू दे. पुढच्या वेळी आलात की चिपळूणवरून पोफळीची एसटी पकडू, ते पाणी बघू, आणि येताना वरच्या वाडीत चहा घेऊ. पाणी तेवढं बाटलीतून घेऊन या.