एक स्टार देणाऱ्या मॅडमना उत्तर

नमस्कार मॅडम,

आमच्या क्लासच्या रिव्ह्यूखाली तुमचं नाव नाही, पण ‘डस्टर मागायलासुद्धा ऑफिसात अर्ज’ हे वाचलं आणि ओळखलं. नाव मीही लिहीत नाही. तुमचं म्हणणं असं: तीन महिन्यांचा पगार थकवला, टीडीएस म्हणजे पगारातला कर कापला पण भरला नाही, शिकवायला घेऊन ॲडमिशनचे फोन करायला लावले, प्रॉव्हिडंट फंड नाही, आणि सर मात्र नव्या गाडीतून फिरतात. ‘सांगलीत दुसरीकडं कुठंही जा, इथं येऊ नका.’

गाडीचं आधी संपवतो. ती पांढरी गाडी माझ्या मेव्हण्याची आहे. आमची जुनी होती ती तासगावची शाखा बंद करताना फेब्रुवारीतच विकली.

पगाराचं खरं आहे. महापुराचं निमित्त पुढं करणार नाही. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हा आमचा तळमजला बुडाला. बाकडी, झेरॉक्स मशीन, नोट्सचे गठ्ठे, सगळं गेलं. तरी त्या वर्षी कुणाचा पगार थांबला नव्हता. लॉकडाऊनमध्ये निम्मा दिला, पण आधी सांगून. आत्ता थकला त्यात कृष्णेचा काही दोष नाही. विश्रामबागेतली वाढीव भाड्याची जागा मी घेतली, त्यावर तासगावची शाखा मी उघडली. त्याच वर्षी जूनमध्ये बाहेरच्या एका मोठ्या क्लासनं शहरात शाखा टाकली आणि आमचे केमिस्ट्रीचे सर तिकडं गेले. सर फुटले की बॅच फुटते, हे आपल्या धंद्यात शेंबड्या पोरालाही कळतं. सीईटीच्या बॅचमधली 60 पैकी 22 मुलं गेली, आणि पालक फी परत मागायला आले.

आता जे तुम्ही लिहिलं नाही ते मी लिहितो. जानेवारी 2024 च्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे की मूल मध्येच क्लास सोडून गेलं तर उरलेल्या काळाची फी 10 दिवसांत परत करायची. पालक तो कागद मोबाइलवर दाखवत जिन्यात उभे राहायचे. बँकेचा हप्ता चुकला की दंड लागतो. जागामालक कुलूप लावीन म्हणतो. शिक्षक मात्र पगार नसला तरी सकाळी सातला येऊन फळ्यावर तारीख लिहितो. म्हणून मी रांग लावली: आधी पालक, मग बँक, मग जागामालक, शेवटी तुम्ही. पैसे अपुरे होते हे खरं, पण रांग मी लावली होती. आणि तुम्ही विचारलं की प्रत्येक वेळी ‘सोमवारी बघू’ म्हणालो. तसे सोमवार नऊ झाले, तुम्ही मोजलेत.

टीडीएसबद्दल तर बोलायला तोंडच नाही. तुमच्या मानधनातून 10 टक्के कापायचे आणि पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत सरकारात भरायचे, एवढंच काम होतं. ते पैसे माझे नव्हतेच. दोन तिमाही भरले नाहीत, तुमच्या 26 एएसमध्ये, म्हणजे कापलेल्या कराच्या सरकारी नोंदीत, आले नाहीत, तुमचा रिफंड अडकला. आता महिना दीड टक्का व्याजासह भरलेत, विवरणपत्रही गेलंय.

फंडावर जाहीर काही लिहू नका, असं सी.ए. म्हणाले. एवढंच लिहितो की रोज हजेरीपटावर सही करणाऱ्या माणसाला ‘व्हिजिटिंग’, म्हणजे तासापुरता येणारा, म्हणणं मलाही पटत नव्हतं.

फोनचा मुद्दा मला आधी पटला नव्हता. मीही फोन करत होतो, मग तुम्हाला काय झालं, असं वाटायचं. पण शनिवारी ज्या बापाशी तुम्ही पाच हजारांच्या सवलतीवर घासाघीस केली, त्याच्याच पोराला सोमवारी गणित चुकलं म्हणून रागवायचं कसं? पोरगं बघत असतं. ते काम आता ऑफिस करतं. डस्टरचा अर्जही बंद केलाय. तो कुणी सुरू केला ते मलाही आठवत नाही.

एक मात्र मान्य नाही. ‘इथं शिकवणं नावालाच’ असं तुम्ही लिहिलंत. तुमचा रोटेशनल मोशन कॉरिडॉरमध्ये उभं राहून ऐकलाय मी. ते नावाला नव्हतं.

तीन महिन्यांपैकी एकाचा पगार तुमच्या खात्यात आलाय. उरलेले दोन 10 जून आणि 10 जुलैला येतील. आकडा लिहीत नाही, तुमचा पगार गावाला कशाला कळावा? या वेळी सोमवार म्हणालो नाही, तारीख दिलीय. अनुभवाचं पत्र मामांकडं ठेवलंय, माझ्या केबिनमध्ये यायची गरज नाही. त्यात ‘व्हिजिटिंग’ शब्द नाही.

रिव्ह्यू काढा असं म्हणत नाही. गाडीची ओळ तेवढी बघा, मेव्हणा चिडलाय.

– संचालक