शनिवारी पाप, रविवारी माफी?

‘शनिवारी पाप करा, रविवारी फादरच्या कानात सांगा, सोमवारी पाटी कोरी!’ हा मेसेज सध्या मुंबईतल्या मराठी ग्रुपांवर फिरतोय, सोबत माहीमच्या सेंट मायकल चर्चबाहेरच्या रांगेचा फोटो.

आधी फोटोचं बघू. ती रांग बुधवारच्या नोव्हेनाची, म्हणजे ओळीने नऊ वेळा करायच्या प्रार्थनेची. 1948 पासून लोक तिथे मरियामातेला साकडं घालायला येतात, त्यांत हिंदूही भरपूर. कन्फेशनची, म्हणजे फादरपुढे पापाची कबुली देण्याची रांग ती नव्हे.

आता कन्फेशन. पाप नुसतं सांगितलं की सुटलो, असं कॅथलिक शिकवण कुठेच म्हणत नाही. ट्रेंट इथे भरलेल्या कॅथलिक धर्मपरिषदेने 1551 साली तीन गोष्टी ठरवून दिल्या: पश्चात्ताप, कबुली, प्रायश्चित्त. पश्चात्तापातच ‘पुन्हा करणार नाही’ हा निश्चय आला. पुढच्या शनिवारचा बेत मनात ठेवून गुडघे टेकले, तर फादरने क्षमेचे शब्द उच्चारूनही उपयोग शून्य. चोरलेलं परत करायचं, कुणाची बदनामी केली असेल तर ती निस्तरायची, हेही सुटत नाही. लूकच्या शुभवर्तमानातला जकातदार जक्कय जाहीर करतो: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट. (आपल्याकडच्या काही बिल्डरांना हा दर परवडायचा नाही.) पण त्या कथेतला क्रम बघा. येशू ‘आज तुझ्याकडे उतरणार’ म्हणतो ते आधी, त्यावर लोक नाकं मुरडतात. परतफेडीची भाषा जक्कयच्या तोंडी नंतर येते. कृपा म्हणतात ती हीच. ती कमवावी लागत नाही, पण मिळाल्यावर माणसाला होता तसा राहूही देत नाही. ‘कृपा वाढावी म्हणून पाप करत राहावं का?’ हा प्रश्न तर येशूचा प्रेषित पौल यानेच रोमच्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पत्रात उभा केला आणि साफ झिडकारला.

‘माणूस जन्मतः पापी, म्हणजे कवडीमोल’ हा ख्रिस्ती धर्मावर नेहमी होणारा दुसरा आरोप. बायबलच्या पहिल्याच अध्यायात माणूस देवाच्या प्रतिरूपात घडलेला आहे. पतन, म्हणजे आदाम-हव्वेचं पहिलं पाप, तिसऱ्या अध्यायात येतं. मूळ पाप हा तान्ह्या बाळाचा गुन्हा नव्हे, ती वारशाने आलेली दुखावलेली अवस्था. माणूस स्वबळावर निर्दोष राहू शकतो, असं पाचव्या शतकाच्या सुमाराचा धर्मशिक्षक पेलागियस म्हणाला तेव्हा त्याच काळातल्या बिशप ऑगस्टीनने विरोध केला. पेलागियसचं मत ऐकायला गोड आहे, पण रोज रात्री ‘उद्यापासून बाटलीला हात लावणार नाही’ म्हणणाऱ्याच्या वाट्याला त्यातून फक्त दटावणी येते.

राहिला तिसरा आरोप: ‘पैसे भरा, पाप माफ’. दंडमाफी म्हणजे क्षमा झालेल्या पापाची उरलेली शिक्षा माफ करणं; तिच्या पत्रांचा तो बाजार खराच होता. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर त्यावर 1517 मध्ये तुटून पडला, आणि 1567 मध्ये पोप पाचव्या पायसने पैसे घेऊन दिलेल्या दंडमाफ्या रद्द केल्या.