आयसीसीयूबद्दलच्या तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई, रिव्ह्यू पूर्ण वाचला. पहिला ईसीजी नॉर्मल होता तरी बाबांना आयसीसीयूत, म्हणजे हृदयाच्या पेशंटच्या अतिदक्षता विभागात ठेवलं, धड भेटू दिलं नाही, मशीन वाजत होतं तरी कोणी धावत आलं नाही आणि हे सगळं बिल वाढवायला, असं तुम्ही लिहिलंय. बाबांचे रिपोर्ट मी इथे चारचौघांत उघडणार नाही, ते त्यांचे खाजगी आहेत, पण आत काय चालतं ते सांगतो कारण बाहेर बाकड्यावर रात्र काढणाऱ्या सगळ्यांनाच हेच प्रश्न पडतात.

ईसीजी नॉर्मल म्हणजे अटॅक नाहीच असं नसतं हो. पेशंट छातीत दुखतंय म्हणून आला की १० मिनिटांत ईसीजी काढतात, पण तो फक्त त्या वेळेपुरता. ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात येणारं प्रोटीन, वाढायला वेळ लागतो म्हणून त्याची पहिली टेस्ट नॉर्मल आली तरी काही तासांनी परत करावीच लागते, ईसीजी पण परत परत काढतो. शुगरवाल्यांना तर कधीकधी दुखतही नाही, नुसता घाम नि दम, आणि घरचे ऍसिडिटी समजून सोडा पाजतात. अशा माणसाला पहिल्या कागदावरून घरी पाठवायचं धाडस मी करत नाही, पुढेही करणार नाही.

अटॅक असेल तर पहिले २४ ते ४८ तास ठोके अचानक बिघडायची भीती सगळ्यात जास्त असते. हृदय नुसतं थरथरायला लागलं तर लगेच शॉक द्यावा लागतो, काहीच केलं नाही तर दर मिनिटाला वाचायची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी कमी होत जाते. म्हणून वायर लावून झोपवतो, बाथरूमलासुद्धा एकट्याला उठू देत नाही. आणि मशीन वाजतं ना, ते बऱ्याचदा बोटाची क्लिप निसटली किंवा पेशंट कुशीवर वळला की वाजतं, सिस्टर समोरच्या मोठ्या स्क्रीनवर ग्राफ बघत असतात, ग्राफ ठीक दिसला की त्या पळत येत नाहीत पण लक्ष त्यांचं तिथेच असतं.

भेटायला एका वेळी एकच माणूस, तेही थोडा वेळ, हे शेजारच्या बेडवरच्या पेशंटसाठीही आहे, त्यालाही इन्फेक्शनची भीती असते आणि झोप हवी असते. बाहेरचं शहाळं पण आम्ही विचारूनच देऊ देतो, त्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि किडनी कमजोर असेल तर ते वाढून ठोक्यांवर परिणाम होतो. प्रेमाने आणलेलं परत पाठवलं की वाईट वाटतं, मला कळतं ते.

बिलाची शंका असेल तर फाइल घेऊन सकाळी ११ ला या, एकेक ओळ समोर बसून बघू, तुमच्या ओळखीचे दुसरे डॉक्टर असतील तर त्यांनाही आणा. आमच्यावर राग असेल तर फॉलोअपला खुशाल दुसरीकडे जा, पण लिहून दिलेल्या गोळ्या कुठल्याही डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करू नका, आणि परत तसं काही वाटलं तर कोणाची वाट न बघता १०८ ला फोन करा.

डॉक्टर, हॉस्पिटलतर्फे