चिलखत घातलंय ना, मग कसली काळजी!

जमिनीखालून वीज न्यायला आर्मर्ड केबल घ्यायची ठरवलीत? उत्तम. साध्या केबलमध्ये आणि हिच्यात फरक एवढाच, की हिच्या अंगात गॅल्व्हनाइज्ड पोलादी तारांचं नाहीतर पट्ट्यांचं चिलखत असतं. आता चिलखत घातलेल्या माणसाला कोणी ‘जपून जा’ म्हणतं का? तेव्हा इथून पुढची सगळी काळजी त्या चिलखतावर सोपवा आणि मोकळे व्हा. मी बरीच वर्षं चरांच्या काठावर उभा राहिलो आहे. शहाणी माणसं हेच करतात.

सुरुवात मापापासून. टेप धरून मार्ग मोजणं हे संशयी माणसाचं काम. तुम्ही पावलं टाका. एक पाऊल म्हणजे एक मीटर, मग तुमची उंची काहीही असो. २९७ पावलं भरली की २९७ मीटरचीच ऑर्डर द्या. केबल पॅनलपासून खाली उतरते, चरात शिरते, झाडाला वळसा घालते, पलीकडे पुन्हा वर चढते. ही सगळी लांबी तिनं स्वतःच्या हिमतीवर भरून काढावी. दोन्ही टोकांना एकेक लूप जादा सोडायची रीत भित्र्यांची.

एका कामावर आमची केबल पॅनलच्या बरोब्बर तीन मीटर अलीकडे थांबली. पंधरा-वीस माणसं तिच्या टोकाकडे बघत गप्प उभी. मग कोणीतरी म्हणालं, ‘‘अजून जरा ओढा की.’’ ओढली. वाढली नाही. शेवटी तीन मीटरचा तुकडा आणि एक जॉइंट. तो जॉइंट दुसऱ्याच पावसाळ्यात गेला. उकरून काढलेला तुकडा अजून माझ्या टेबलावर आहे. आर्मरच्या तारा छत्रीच्या काड्यांसारख्या उलगडलेल्या, त्यावर तांबूस गंज, आणि आत ॲल्युमिनियमच्या जागी पांढरी भुकटी. बोट लावलं की अजून उठते.

पण जॉइंटला कमीपणा मानू नका, त्याला इतिहास आहे. १८९० च्या सुमारास फेरांटी या इंग्रज इंजिनिअरनं डेप्टफर्डच्या वीजकेंद्रातून मध्य लंडनमध्ये १०,००० व्होल्टनं वीज नेली, ती मेण मुरवलेल्या कागदाच्या आवरणातल्या तांब्याच्या नळ्यांतून. नळीची लांबी वीस फूट, म्हणजे दर वीस फुटांवर सांधा. त्या बिचाऱ्याचा नाइलाज होता. तुम्हाला एका ड्रमवर अखंड ५०० मीटर मिळते, तरी पूर्वजांची आठवण म्हणून एखादा सांधा असावा.

आणि हो, केबलच्या बाहेरच्या आवरणावर दर मीटरला आकडा छापलेला असतो. ड्रमच्या पहिल्या आणि शेवटच्या आकड्याची वजाबाकी केली की नेमकी किती केबल आली ते कळतं. करू नका. पुरवठादाराला उगाच वाईट वाटेल.

आता जाडी. इथे एकच प्रश्न विचारायचा: ‘‘दीडशे अँपिअर घेईल का?’’ दुकानदार म्हणेल, ‘‘आरामात.’’ खोटं नाही बोलत तो. ९५ स्क्वेअर एमएम छेदाची ॲल्युमिनियमची साडेतीन कोअर, म्हणजे तीन पूर्ण आणि एक निम्म्याच्या आसपास छेदाची तार असलेली केबल जमिनीत दीडशे अँपिअर पेलते. मात्र ती किती लांब जाणार, हे ना तुम्ही सांगायचं, ना त्यानं विचारायचं. ४०० मीटर गेली की वाटेत ४० व्होल्टच्या आसपास गळतात. इकडून ४०० सोडले तर तिकडच्या मोटारीला ३६० मिळतात. मोटार कण्हते, जास्त करंट ओढते, तापते; तुम्ही मोटारवाल्याला शिव्या द्या. शिवाय पूर्ण लोडवर १० किलोवॅटच्या घरात वीज त्या केबलमध्येच खर्च होते. गांडुळांना ऊब मिळते, हे पुण्य वेगळं.

तांबं की ॲल्युमिनियम या वादात पडू नका, दोन्हीकडचं वाईट तेवढं घ्या. तेवढीच वीज वाहायला ॲल्युमिनियमच्या तारेचा छेद तांब्याच्या सुमारे १.६ पट लागतो, तरी वजनाला ती निम्मी भरते. तुम्ही तांब्यासाठी काढलेली साइज ॲल्युमिनियममध्ये मागवा. चार कोअर जड पडते म्हणून एकेक कोअरच्या सुट्या केबल घेणार असाल, तर आर्मर पोलादीच हवं असा आग्रह धरा. एसीच्या सिंगल कोअरला बिनचुंबकी, म्हणजे ॲल्युमिनियमचं आर्मर देतात, कारण पोलादी चिलखत चुंबकीय क्षेत्रानं स्वतःच तापतं. तापू द्या. चिलखताला थोडा घाम यायचाच.

ड्रम आला की ट्रकवरून ढकला. चार कोअर २४० स्क्वेअर एमएम तांब्याची केबल मीटरला १० किलोंच्या वर भरते. ३०० मीटरचा ड्रम तीन टनांच्या पुढे. एवढ्या वजनाला क्रेन लावणं म्हणजे त्याचा अपमान. ड्रमवर बाण काढलेला असतो, तो शोभेचा समजा आणि उलट्या दिशेनं गडगडवत न्या. सैल झालेले वेढे एकमेकांत अडकले की मुलं खूश होतात. लोखंडी शिगेवर आणि जॅकवर ड्रम उचलून फिरवत केबल सोडायची असते म्हणे. त्यापेक्षा ड्रम आडवा पाडा आणि वेटोळी एकेक उचलून काढा. प्रत्येक वेटोळ्यागणिक केबलला एक पीळ पडतो. दिसत नाही, म्हणजे नाहीच.

ओढण्याचं शास्त्र मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण खरी कला इथे आहे. सरळ चरात ताण मीटरागणिक बेरजेनं वाढतो. वळण आलं की गुणाकार सुरू होतो. रोलर न लावता केबल कोपऱ्याला घासत नेली आणि घर्षणांक ०.५ धरला, तर एका काटकोनी वळणाच्या अलीकडचा ताण पलीकडे दुपटीहून जास्त होतो. दुसऱ्या काटकोनानंतर चौपटीहून जास्त. म्हणून जाणती माणसं ड्रम वळणाजवळच्या टोकाला ठेवतात, म्हणजे कोपऱ्यावर ताण कमी असतानाच केबल वळून जाते. तुम्ही ड्रम नेमका दुसऱ्या टोकाला ठेवा. ॲल्युमिनियमला दर चौरस मिलिमीटरला ३० न्यूटन आणि तांब्याला ५० ही ओढण्याची मर्यादा. ताण मोजायचं यंत्र आणू नका म्हणजे ती कधीच ओलांडली जात नाही. टोकाला जाळीदार मोजा चढवण्याऐवजी दोरखंडाची गाठ मारा, गाठ ट्रॅक्टरला बांधा, आणि ट्रॅक्टरवाल्याला सांगा, ‘‘हळू.’’ तो हळूच निघेल. वळणाची त्रिज्या केबलच्या व्यासाच्या बारापट ठेवा असं सांगणारेही भेटतील. ६० मिलिमीटरच्या केबलला पाऊण मीटर जागा कोण देतो? गुडघा लावून मोडा.

चर. पाऊण मीटर खोल खणायला सांगितलं असेल तर पहिले वीस मीटर तसा खणा, पाहणी तिथेच होते. पुढे दगड लागतो. सगळ्यांनाच लागतो. खाली वाळू, वर वाळू, मग विटा, मग वॉर्निंग टेप, हा थाट कागदावर ठेवा आणि निघालेला मुरूम-दगड तसाच वर लोटा. एकदा माती पडली की झाकली मूठ सव्वा लाखाची. दोन केबलमध्ये अंतर सोडायचं तर चर रुंद होतो, म्हणून चार-पाच जणी एकमेकींना चिकटवून निजवा.

माती केबलची उष्णता वाहून नेते, कोरडी पडली की कमी नेते, वगैरे तुम्हाला कोणी ऐकवेल. ऑकलंडचं उदाहरण देईल. तिथे १९९८ च्या जानेवारी-फेब्रुवारीत, त्यांच्या ऐन उन्हाळ्यात, शहराच्या मध्यवस्तीला वीज देणाऱ्या ११० किलोव्होल्टच्या चार केबल एकामागून एक गेल्या आणि तो भाग सुमारे पाच आठवडे नीट विजेविना राहिला. कागदावर धरली होती तेवढी उष्णता त्या केबलभोवतीची जमीन घेत नव्हती. पण ते झालं ११० किलोव्होल्टचं. आपली केबल लहान, आपल्या जमिनीला समज जास्त.

टोकं जोडताना घाई करा, दिवस मावळत असतो. लग, म्हणजे तारेच्या टोकावर बसवायचा धातूचा तुकडा, क्रिम्पिंग टूलनं दाबायचा सोडून हातोडीनं चपटा करा. ॲल्युमिनियमवर हवेतच ऑक्साइडचा पापुद्रा धरतो, तो घासू नका. पॅनलमधल्या तांब्याच्या पट्टीला, म्हणजे बसबारला, बायमेटलचा (दोन्ही धातूंचा) लग न लावता ॲल्युमिनियमचाच लावा आणि एकदा आवळलेला बोल्ट पुन्हा कधी बघू नका. केबल पॅनलला पकडून ठेवणारा ग्लँड बसत नसेल तर आर्मरच्या तारा कटरनं साफ छाटा. हो, तेच चिलखत, ज्याच्या भरवशावर इथवर आलो. त्याला अर्थिंग द्यावं लागतं, नाहीतर आत कुठे इन्शुलेशन फाटलं की पूर्ण चिलखत जिवंत होतं आणि कुदळवाल्याची वाट बघत बसतं. पण पॅनलचं दार एकदा लागलं की छाटलेल्या तारा कोणाला दिसतात?

मेगर लावून इन्शुलेशन तपासायचं? माती टाकल्यावर करू.

मार्गावर खुणेचे दगड लावू नका. केबल कुठून गेली हे एकाच माणसाला ठाऊक असावं आणि त्याची बदली झालेली असावी. मग एके दिवशी वीज जाईल. फॉल्ट शोधणारे यंत्र घेऊन येतील, कान टवकारतील आणि सांगतील, ‘‘या टोकापासून १८७ मीटरवर.’’ तेव्हा पहिल्यांदा ज्यानं मार्ग मोजला होता त्याच गृहस्थाला बोलवा, पॅनलपाशी उभं करा आणि पावलं टाकायला सांगा. बाकीच्यांनी कुदळी घेऊन मागून चालावं.