कोष म्हणजे मेलेली अळी नव्हे

“कोष झाला की अळी मेली, आत तिचे पाणी होते आणि वेगळ्याच डीएनएचे पाखरू (पतंग) जन्मते. तेव्हा पऱ्हाटी (वेचणीनंतर उरलेली कपाशीची झाडे) शेतात राहू द्या, नांगरटीचा खर्च वाचवा,” असा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरत आहे. चोपड्याकडच्या माझ्या थोरल्या मामांनी तो खरा मानून पऱ्हाटीचा ढीग बांधावर रचला, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

डीएनए वेगळा असल्याचा दावा निखालस खोटा आहे. अळी आणि पाखरू यांचा डीएनए एकच. बदलते ते कोणत्या जनुकाने केव्हा काम करायचे एवढेच. अळीची शेवटची अवस्था आली की अळीला अळीच ठेवणारे ज्युवेनाइल हार्मोन ओसरते, कात टाकायला लावणारे एक्डायसोन हे हार्मोन वाढते आणि ‘ब्रॉड’ हे जनुक कोषाची घडण सुरू करते. पंख ज्यांतून होणार त्या पेशींच्या चकत्या तर अळी खात असतानाच तिच्या अंगात असतात.

स्नायूंचा आणि आतड्याचा बराच भाग कोषात विरघळतो, हे मान्य करावे लागेल. पण मज्जासंस्थेची फेररचना होते, ती नाहीशी होत नाही. अमेरिकेतील जॉर्जटाउन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तंबाखूवरील हॉर्नवर्म अळ्यांना एका रसायनाचा वास देताना विजेचा सौम्य धक्का दिला होता. शेवटच्या अवस्थेत हे शिकलेल्या अळ्यांपैकी बहुतेकींनी पतंग झाल्यावरही तो वास टाळला. अळी मेली असती, तर ही आठवण कोणाची?

खरे नुकसान पऱ्हाटीच्या सल्ल्याने होणार आहे. गुलाबी बोंडअळी हिवाळ्यात कोष म्हणून नव्हे, तर पूर्ण वाढलेली अळी म्हणूनच सुप्त राहते. ढिगातले एखादे कवडी झालेले, म्हणजे किडीमुळे नीट न उमललेले बोंड फोडून पाहावे. एकमेकींना चिकटलेल्या दोन सरक्या (कपाशीच्या बिया) सापडल्या, तर त्यांच्या पोकळीत ती बसलेली असू शकते. हवा मानवली की ती कोषात जाते आणि तिचे पतंग नव्या कपाशीच्या पात्याफुलांवर अंडी घालतात. तपकिरी कोष तळहातावर घेऊन हलकेच दाबला, तर त्याचे शेपटाकडचे टोक वळवळते. त्याला मेलेला म्हणणाऱ्याने तो कधी हातात घेतलेला नाही.

कोषावर फवारणी फारशी चालत नाही, हे त्या मजकुरातले वाक्य बरोबर आहे, कारण कोष काही खात नाही आणि पोटविष किंवा बीटी कपाशीतले अळी मारणारे प्रथिन त्याच्या पोटात जात नाही. पण म्हणूनच नांगरट हवी. तिने मातीतले कोष उन्हात आणि पक्ष्यांच्या चोचीत येतात. मामांनी फरदड घेऊ नये, म्हणजे हंगाम संपल्यावर जादा वेचणीसाठी कपाशी उभी ठेवू नये, पऱ्हाटी श्रेडर यंत्राने बारीक करावी आणि उन्हाळ्याआधी शेत खोल नांगरावे.