वाचलंय समजा!

आज गावात तहकूब ग्रामसभा होती. 2 ऑक्टोबरला कोरम, म्हणजे सभेसाठी लागणारी किमान हजेरी, भरला नाही, म्हणून ही. पंचाहत्तरी ओलांडलेल्या एक आजी उठल्या आणि म्हणाल्या, "मागल्या सभेत काय ठरलं ते आधी वाचा की." टेबलामागून उत्तर आलं, "आजी, वाचलंय समजा." चार जण हसले. आजी खाली बसल्या.

सकाळपासून हे डोक्यातून जात नाही. वॉशिंग्टन, बुडापेस्ट, दिल्ली, लोकशाही कुठे कुठे धोक्यात आहे यावर आपण इथे रोज लिहितो. ती मोडते कशी हे बघायचं असेल तर कुठल्याही ग्रामपंचायतीचं प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेची नोंदवही, उघडा. पहिली ओळ ठरलेली: "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले." आजच्या सभेतही हीच ओळ लिहिली जाणार. धडधडीत खोटी!

कोरम म्हणजे गावच्या मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100, यातला कमी आकडा. 600 मतदारांच्या गावात 90 माणसं, 1400 च्या गावात 100. तेवढी आली नाहीत की सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरमची अटच नाही. अडचणीसाठी ठेवलेली ही वाट आता हमरस्ता झालीय. सभेची नोटीस सात दिवस आधी लागते, पण कार्यालयाच्या आतल्या भिंतीवर. दवंडी नाही. मग शंभर माणसं येणार कुठून? पुढच्या सभेला वीस डोकी, त्यातली निम्मी ठेकेदाराची. पैशाचा विषय विषयपत्रिकेवर नसतोच, तो येतो शेवटी "ऐनवेळचे विषय" म्हणून. सह्या आधी घेतात, इतिवृत्त मागाहून लिहितात, मध्ये कोऱ्या ओळी सोडून. केंद्राकडून ग्रामपंचायतीला आलेल्या 15 व्या वित्त आयोगाच्या निधीतले (2021 ते 2026) 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेला बांधलेले होते. उरलेल्या 40 टक्क्यांचं काय करायचं ते या कोऱ्या ओळींत ठरत आलंय.

मजुरी बुडवून सभेला कोण येणार, हे खरं आहे. एकेका ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या (पूर्वीच्या ग्रामसेवकाच्या) गळ्यात दोन-दोन, तीन-तीन गावं असतात, हेही मान्य. पण मागचं इतिवृत्त वाचायला पाच मिनिटं लागतात हो. पाच मिनिटं! आणि ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, तीही कागदावरच होते. आजींनी विचारायचं तरी कुठे?

गडचिरोलीत मेंढा-लेखा आहे. तिथे निर्णय एकमताने होतो, एक माणूस अडला तरी बोलणं चालू राहतं. वेळ लागतो, लागू देतात. त्याच गावाने 2009 मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावरचा गावाचा हक्क, मिळवला आणि 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. तीही आपल्यासारखीच माणसं. म्हणून तर आजचं हसणं जास्त लागलं.

करता येतं ते सांगते. हवा तो विषय लेखी द्या, विषयपत्रिका निघायच्या आत. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. पोहोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं धरतात. सभा संपताना हजेरीतल्या शेवटच्या सहीखाली आडवी रेघ मारायला लावा आणि आकडा मोठ्याने वाचून घ्या. ठराव तिथल्या तिथे लिहायला सांगा, सूचक-अनुमोदकांच्या नावांसकट, आणि पानाचा फोटो काढा. नक्कल देत नसतील तर माहिती अधिकाराचा अर्ज: 10 रुपये, 30 दिवस. आराखडा आणि खर्च ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर मोबाइलवरही दिसतो. आकडे जुळले नाहीत तर गटविकास अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार, तिचीही पोहोच.

उठताना रजिस्टर आजींपुढे सरकवलं. "वाचा, मग सही करते," म्हणाल्या आणि पेन परत दिलं. 26 जानेवारीच्या सभेसाठी त्यांची नात अर्ज लिहून देतेय. विषय एकच: मागील इतिवृत्ताचे वाचन.